शेपटीतले तारे

माझी याडी, म्हणजे आई, दिसायच्या आधी ऐकू यायची. कोपराच्या वरपर्यंत बांगड्या, पायात जाड वाळे, ओढणीच्या काठाला घुंगरं आणि कवड्या. ती चुलीपासून रांजणापर्यंत गेली तरी सगळ्या तांड्याला कळायचं. साखरा गावाच्या अलीकडे माळावर आमचा तांडा. जमीन हलकी, पाणी आभाळातून पडेल तेवढंच, त्यामुळे ज्वारी, तूर आणि थोडा कापूस याच्या पलीकडे कुणी काही पेरत नसे. पहाटे आधी शेळ्या ओरडायच्या, मग बापूंचा, म्हणजे वडिलांचा, खोकला, मग याडीच्या बांगड्या, आणि त्या बांगड्यांच्या तालावर भाकर थापल्याचा आवाज. ती भाकर तव्यावरून थेट हातात घ्यायची, तिच्यावर ठेचा, ठेच्यावर करडईच्या तेलाची धार. थंडीत तुरीच्या हिरव्या शेंगा मिठात उकडलेल्या असायच्या. मोठा भाऊ देविदास शेंगा सोलून दाणे तळहातावर जमवायचा आणि एकदम तोंडात टाकायचा. मी एकेक खायची. त्यावरूनही आमची भांडणं व्हायची, कारण मी मागे राहून जास्त खाते असं त्याचं म्हणणं होतं.

घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे आमची बंजारा बोली, बोलायचो. इथे सगळ्यांचं बोलणं मी मराठीत लिहिते आहे, तेही आमच्या भागातल्या मराठीत, कारण शाळेत गेल्यावर आमच्या तोंडी तीच बसली. बापू कमी बोलायचे. त्यांना सही करता यायची आणि एसटीची पाटी वाचता यायची. मला शाळेत घालताना त्यांनी फार विचार केला असेल असं वाटत नाही. मी गेले, पास होत गेले आणि कुणी थांबवलं नाही, इतकंच. दहावीनंतर हिंगोलीला मुलींच्या वसतिगृहात जागा मिळाली. शनिवारी एसटीनं घरी यायचं, सोमवारी सकाळी भाकरी फडक्यात बांधून परत.

इथे एक गोष्ट सांगून टाकते, म्हणजे पुढे घोटाळा नको. हल्ली मला कुठे खगोलशास्त्रावर व्याख्यानाला बोलावलं की ओळख करून देणारा माणूस हमखास म्हणतो, ताईंचे पूर्वज बैलांवर मीठ आणि धान्य लादून देशभर हिंडले, म्हणूनच ताईंना ताऱ्यांच्या भटकंतीची ओढ. लोक माना डोलावतात. मी उभी राहिले की पहिल्यांदा हेच खोडून काढते. शेजारच्या खुर्चीतल्या प्राध्यापकांच्या पणजोबांचा धंदा काय होता, हे कुणी त्यांच्या गणिताला चिकटवत नाही. मला गणित आवडायचं म्हणून मी त्याच्या मागे गेले. तांड्यानं मला दुसरं बरंच काही दिलं, त्यातला हट्ट सगळ्यात मोठा.

आमचा जिल्हा वेगळा झाला त्या सुमाराची गोष्ट. मी बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला होते. कॉलेजच्या वाचनालयात जुन्या विज्ञान मासिकांचा एक गठ्ठा खिडकीखाली पडलेला असायचा. दुपारी वसतिगृहात उकडायचं, म्हणून मी तिथे जाऊन बसायची. एका अंकात एक पानभर चित्र होतं. दोन धुरकट गोळे एकमेकांशेजारी आणि त्यांच्यातून दोन लांब, वाकड्या शेपट्या बाहेर गेलेल्या. खाली लिहिलं होतं की या दोन दीर्घिका आहेत, आपल्या आकाशगंगेसारख्या, एकेकीत अब्जावधी तारे. त्या एकमेकींजवळून जाताहेत, पुढे एकजीव होतील, आणि त्या शेपट्या म्हणजे ओढाताणीत बाहेर फेकले गेलेले तारे. पुढच्या पानावर होतं की आपली आकाशगंगाही एका लहान दीर्घिकेला आत्ता, या घडीला, ओढून फाडते आहे. ते वाचून मी मासिक मिटलं आणि पुन्हा उघडलं. तांड्यात मी आकाशगंगा रोज बघत आले होते. ती काही करत असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

शेवटच्या वर्षाला प्रत्येकाला एक सेमिनार द्यावा लागे. मी आमचे विभागप्रमुख बोरकर सर यांच्याकडे हा विषय घेऊन गेले. सर वाईट नव्हते. शिकवायचे नीट, वेळेवर यायचे. त्यांनी चित्र पाहिलं, मासिक परत दिलं आणि म्हणाले, हे अभ्यासक्रमात नाही. ट्रान्झिस्टर घे, तुला झेपेल. मी म्हटलं, मला हेच करायचं आहे. त्यावर ते हसले आणि शिपायाला चहा सांगायला लागले. म्हणजे माझं बोलणं संपलं.

गणिताला मुळे मॅडम होत्या. तासिका तत्त्वावर नेमलेल्या, त्यामुळे स्टाफरूममध्ये त्यांना स्वतःची खुर्चीसुद्धा नव्हती. त्यांनी मासिक दोन दिवस ठेवून घेतलं. मग मला व्हरांड्यात बसवून सांगितलं की हे करायला मोठं गणित लागत नाही, न्यूटनचा नियम तुला येतोच. दोन जड बिंदू घे, म्हणजे दोन दीर्घिकांची मधली ठिकाणं. एकाभोवती बिनवजनी ठिपके फिरव, ते तारे. दुसरा जड बिंदू जवळून जाऊ दे. मग छोट्या छोट्या पावलांनी मोजत जा, प्रत्येक ठिपका कुठे सरकला ते. फक्त हातानं करशील तर म्हातारी होशील, त्याला कॉम्प्युटर लागेल.

कॉम्प्युटर कॉलेजात होता. एक. वेगळ्या खोलीत, फुलाफुलांच्या प्लॅस्टिकच्या आवरणाखाली. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. किल्ली बोरकर सरांच्या खिशात. तो मिळवायला त्यांनी किती खेटे घातले होते ते आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, आणि तो बिघडेल या धास्तीनं ते कुणाला हात लावू देत नसत. मुलांना कधीतरी, मुलींना कधीच नाही. मी मागितला. ते नाही म्हणाले. दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर मी त्या खोलीच्या दारात, उंबऱ्याच्या बाहेर, चपला काढून बसले. रोज बसायला लागले. काही बोलायची नाही, कुणी विचारलं तर सांगायची, कॉम्प्युटर उघडायची वाट बघते आहे. मुळे मॅडमनी एकदा बाजूला घेऊन समजावलं की एवढं ताणू नकोस, सर चिडले तर वर्ष जाईल, ट्रान्झिस्टर काही वाईट विषय नाही. त्या माझ्या भल्यासाठीच सांगत होत्या. मी त्यांना म्हटलं, मॅडम, रस्ता तुमीच दाखवला, आता मी कुठं जाऊ.

शेवटी प्राचार्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत मी रोज दिसायला लागले, तेव्हा त्यांनीच सरांना विचारलं की ही मुलगी इथे का बसते. त्याच दिवशी सरांनी किल्ली लावली. दुपारच्या सुट्टीत, तेवढाच वेळ, आणि काही मोडलं तर भरून द्यायचं, असं त्यांनी बजावलं. मी होय म्हटलं. मोडलं असतं तर काय केलं असतं, देव जाणे.

बेसिक भाषेत मी तो प्रोग्राम लिहिला. पहिल्यांदा सगळे ठिपके पडद्याबाहेर उडून गेले, कारण मी पावलं फार मोठी घेतली होती. पावलं लहान केली तर गणित इतकं सावकाश चालायचं की मधेच लोडशेडिंगची वेळ व्हायची, पडदा काळा पडायचा आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी चिडून एकदा भिंतीला लाथ मारली होती, अनवाणी पायानं, आठवडाभर लंगडत होते. मग मी प्रत्येक टप्प्यावर ठिपक्यांच्या जागा कागदावर उतरवून घ्यायला लागले. त्या इतक्यांदा उतरवल्या की पाठ झाल्या. झोपेत कुणी विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

आणि मग एका दुपारी ती शेपटी निघाली. जड बिंदू जवळून गेला तेव्हा काही झालं नाही. ठिपक्यांचं वर्तुळ जरासं लंबगोल झालं, एवढंच. मला वाटलं पुन्हा चुकलं. तो दूर जायला लागला आणि वर्तुळाच्या दोन बाजू सुटल्या. अलीकडच्या बाजूचे ठिपके त्याच्याकडे झेपावले आणि पलीकडच्या बाजूचे मागे राहिले, मागेच राहत गेले, एकामागे एक, आणि त्यांची एक लांब वाकडी रेघ झाली. मासिकातल्या चित्रासारखी. ती मी काढली नव्हती. मी फक्त न्यूटनचा नियम दिला होता, रेघ त्यातून आपली आपण आली होती. खोलीत मी एकटीच होते, बाहेर मुलं क्रिकेट खेळत ओरडत होती. आयुष्यात नंतर मी याहून फार मोठ्या संगणकांवर याहून फार अवघड गोष्टी पाहिल्या. तसं पुन्हा झालं नाही.

त्याच शनिवारी घरी गेले तर देविदास खुशीत होता. आखाडा बाळापूरकडच्या एका तांड्यातून मला मागणी होती. दिवाळीत पाहुणे बघून गेले होते, तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नव्हतं. मुलगा आश्रमशाळेत शिक्षक, घर चांगलं. आता त्यांचा निरोप आला होता की लग्न उन्हाळ्याच्या आधी व्हावं, म्हणजे माझ्या परीक्षेच्या आधी. देविदासनं होकार कळवून टाकला होता. पुढच्या रविवारी ते सोयरीक पक्की करायला नारळ घेऊन येणार होते.

मी म्हटलं, मी परीक्षा देणार आणि पुढे एमएस्सीला नांदेडला जाणार. देविदास म्हणाला की शब्द गेलाय, आता मागं घेता येत नाही. मी म्हटलं, शब्द तुझा होता, तू कर लग्न. त्याच्या दोन लेकरांची आई, माझी भावजय, चुलीपाशी पदराआड हसली, तेव्हा तो आणखी भडकला. बापू खाटेवर बसून हे सगळं ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "तिथं असं काय करून राहिली तू, की ते मधे सोडता येत न्हाई?"

सांगायला मी तोंड उघडलं आणि मला सांगता येईना. गोरमाटीत दीर्घिकेला शब्द नव्हता, मराठीतला त्यांना कळला नसता. मी म्हटलं, "गुरुवारी कॉलेजात मला सगळ्यांसमोर बोलायचं हाय. तुमी या. याडीला बी आना. बघा, अन् मग ठरवा."

ते येतील असं मला खरंच वाटलं नव्हतं. पण गुरुवारी दुपारी मी प्रयोगशाळेत खडू गोळा करत होते आणि बाहेरून बांगड्या ऐकू आल्या. याडी लग्नाला जाताना घालायची तो पोशाख घालून आली होती. आरसे आणि कवड्यांची चोळी, घेरदार लाल घागरा, सगळे दागिने. बापूंनी पागोटं नवं बांधलं होतं. व्हरांड्यातली मुलं बाजूला होऊन बघत उभी राहिली. कुणीतरी काहीतरी बोललं आणि हशा झाला. विद्यापीठातून एक परीक्षक आले होते, ते पुढच्या बाकावर बसले होते. बोरकर सरांनी दारातल्या दोघांकडे पाहिलं आणि शिपायाला हळूच सांगितलं की यांना बाहेर बाकड्यावर बसव, कार्यक्रम झाला की भेटतील.

शिपाई निघाला. मी फळ्यापाशी होते. मी म्हटलं, "सर, ते माझे आईबाप हायत. ते आत बसतील."

सर म्हणाले, हा विद्यार्थ्यांचा कार्यक्रम आहे, जागा नाही.

"मंग मी बी बाहेरच बोलते. बाकड्याजवळ."

मी खडू टेबलावर ठेवला. मला काही शौर्य वगैरे वाटत नव्हतं. पण ते दोघं बाहेर आणि मी आत असं मला करता येत नव्हतं, मग वर्ष गेलं तरी गेलं. परीक्षकांनी मागे वळून पाहिलं. मग ते स्वतः सरकले आणि बाकावर हात थोपटून म्हणाले, या बाबा, इथे बसा. याडी त्यांच्या मागच्या बाकावर बसली. बसताना इतका आवाज झाला की वर्ग पुन्हा हसला. याडीनं वळून सगळ्यांकडे एकदा सावकाश पाहिलं. हसणं थांबलं.

कॉम्प्युटर टेबलावर आणून ठेवला होता. मी सुरुवात केली, वर्तुळ पडद्यावर आलं, जड बिंदू निघाला आणि लाइट गेली. त्या दिवशी लोडशेडिंगची ती वेळसुद्धा नव्हती. सर उठले आणि म्हणाले, राहू दे आता, विषय समजला, पुढच्याला येऊ दे.

"फळा लाइटीवर चालत न्हाई, सर," मी म्हटलं.

आणि मी काढत गेले. टप्प्याटप्प्यानं, प्रत्येक ठिपक्याची जागा, पाठ होती तशी. जवळच्या बाजूला ओढ जास्त, पलीकडच्या बाजूला कमी, त्या फरकानं दीर्घिका ताणली जाते, हे बोलत बोलत. फळा भरला की पुसायचा आणि पुढचा टप्पा. शेवटच्या टप्प्याला शेपटी फळ्याच्या कडेपर्यंत गेली. मग मी लहान दीर्घिकेचं सांगितलं. ती मोठीभोवती फिरता फिरता उसवत जाते, आणि तिचे तारे तिच्याच वाटेवर पुढे मागे पसरून त्यांचा एक लांब ओघ होतो.

परीक्षकांनी विचारलं, दोन दीर्घिका एकमेकींत शिरल्या तर किती तारे एकमेकांवर आपटतील? मी सांगितलं, जवळजवळ एकही नाही. ताऱ्याताऱ्यांत अंतर इतकं आहे की ते एकमेकांच्या मधून निघून जातात. त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, बरं, पण लहान दीर्घिका शेवटी मोठीत मिसळून गेली. ती संपली. मग तिच्या मागे कशाला लागायचं?

हा प्रश्न त्यांनी मला खोडायला विचारला की बोलतं करायला, हे मला आजही सांगता येणार नाही. तेव्हा मला तो राग आणणारा वाटला. "संपली काहून म्हणता?" मी म्हटलं. "तिचा एक बी तारा कमी झाला न्हाई. सगळे हायत. ते मोठीच्या ताऱ्यांसंगं फिरत न्हाईत, आपल्याच वाटेनं फिरून राहिलेत. चाल बघितली तर कोन कुठून आला ते अजून वळखू येतं. दिसत न्हाई ते बघनाराला, त्यात त्यांचा काय दोष?"

मग परीक्षकांनी विचारलं, तुझ्या प्रोग्राममध्ये दोन दीर्घिका एक का होत नाहीत? मी म्हटलं, माहीत नाही. खरंच माहीत नव्हतं. माझ्या ठिपक्यांना वजन नव्हतं, त्यामुळे जड बिंदूचा वेग खाणारं कुणी नव्हतं, हे मला पुढे नांदेडला कळलं. पण त्या दिवशी "माहीत नाही" म्हणताना मला लाज वाटली नाही. ते म्हणाले, चांगलं आहे, ते शोध.

बोरकर सरांनी मला वर्गात सगळ्यात कमी गुण दिले. विषय अभ्यासक्रमाबाहेरचा, असा शेरा. मी भांडले, काही झालं नाही. ते गुण अजून माझ्या गुणपत्रिकेवर तसेच आहेत आणि मी ते कधी लपवले नाहीत.

रविवारी बाळापूरचे पाहुणे जीपनं आले. याडी आदल्या दिवसापासून खपत होती. पुरण, भात, तुरीची आमटी, घरचं तूप. आमच्या तांड्याचे नायक, म्हणजे ज्यांचा शब्द तांड्यात शेवटचा असे ते म्हातारे, मधे बसले. नारळ बाहेर निघाला तेव्हा बापू म्हणाले, "यंदा लगीन न्हाई."

देविदास खाली बघत राहिला. मुलाच्या मामांनी नायकांकडे पाहिलं आणि म्हणाले की दिलेला शब्द तांडा फिरवतो का. नायकांनी बापूंना कारण विचारलं. बापूंना भाषण करता येत नसे.

"पोरगी काय बोलली ते मला कळलं न्हाई," ते म्हणाले. "पन इद्यापीठाचा साहेब तिला इचारत होता, अन् ती सांगत होती. साहेब ऐकत होता. मी माझ्या जल्मात असं बघितलं न्हाई. ते मधे तोडायला माझा हात व्हत न्हाई."

मामा माझ्याकडे वळले. शिकून काय करणार, ते त्यांनी विचारलं. चांगल्या शब्दांत विचारलं, पण उत्तर काय यायला हवं ते आवाजातच होतं. मी दाराच्या आत उभी होते. बाहेर आले. नायकांसमोर तरुण पोरीनं उभं राहून बोलायची रीत नव्हती. मी उभी राहूनच बोलले, "जे अजून कुनालाच माहीत न्हाई, ते शोधीन."

मामा उठले. त्यांच्याबरोबर सगळे उठले. जेवून जा, असं बापू तीनदा म्हणाले, पण ते थांबले नाहीत. जीपची धूळ माळावर बराच वेळ दिसत होती. नायक मात्र बसून राहिले. त्यांनी माझी बाजू घेतली नाही आणि विरोधही केला नाही. आमटीचा वास चांगला येतोय, एवढंच म्हणाले.

आमच्यात आधी पुरुषांची पंगत बसे, मग लेकरं, बाया सगळ्यात शेवटी. नायक, बापू, देविदास हात धुऊन बसले. याडी परात घेऊन बाहेर आली. तिनं पहिलं ताट वाढलं, पुरणावर तुपाची धार सोडली, आणि ते ताट नायकांच्या पुढून, बापूंच्या पुढून नेत माझ्यासमोर आणून ठेवलं. सगळे बघत राहिले. तिनं कुणाकडे पाहिलं नाही.

"बस," ती मला म्हणाली. "खाऊन घे. सकाळची एसटी लवकर हाय."